दिसला तरच दाबा

मी खोटं बोलले, आणि तेही एका यंत्राशी. डोळ्यांची फील्ड टेस्ट चालू होती. अंधारी खोली, समोर आतून पांढरी असलेली एखादी मोठी घमेली आडवी उभी करून ठेवावी तसं ते यंत्र, हनुवटी टेकूवर, कपाळ पट्टीला चिकटवलेलं, एका डोळ्यावर पांढरी पट्टी आणि हातात एक बटण. मधल्या पिवळ्या दिव्यावरची नजर हलवायची नाही आणि आजूबाजूला कुठेही उजेडाचा ठिपका लुकलुकला की बटण दाबायचं, एवढंच काम. काही ठिपके ठसठशीत होते, काही इतके पुसट की दिसला की नुसता भास झाला ते ठरवेपर्यंत पुढचा येई. "ताई, दिसला तरच दाबा हं," टेस्ट घेणारी मुलगी सुरुवातीलाच म्हणाली होती. तीन-चार मिनिटांनी डोळा चुरचुरायला लागला, मधला दिवा विरघळल्यासारखा दिसायला लागला आणि मग एक लांबलचक पोकळी आली. ठिपकाच नाही. पण यंत्राच्या पोटातून बारीक घर्र आवाज तर येत होता. म्हणजे आत काहीतरी फिरत होतं, ठिपका दाखवला जात होता आणि तो मला दिसत नव्हता. अंगठा खाली गेला. पुढच्या घर्रला पुन्हा गेला. त्याच्या पुढच्याला मी जरा थांबून, विचार केल्यासारखं करून दाबलं.

रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टर हसले. म्हणाले, "ही धरता येणार नाही. तुम्ही फारच उत्साहात दाबलंय. फॉल्स पॉझिटिव्ह बघा किती आलेत." रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात तो आकडा होता, त्यापुढे इशाऱ्याची खूणही होती. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा या, म्हणाले. त्यांनी ते सहज घेतलं, त्यांना रोजचंच असावं. मला मात्र घरी येईपर्यंत कानशिलं गरम झाल्यासारखं वाटत होतं. पन्नाशी ओलांडलेली बाई, स्वतःच्याच डोळ्यांच्या परीक्षेत कॉपी करते आणि पकडली जाते. नापास झाले असते तर औषध मिळणार होतं. पास होऊन काय मिळणार होतं?

या यंत्राला माणसं खोटं बोलतात हे ठाऊक आहे, आणि ते ओळखायच्या त्याच्या युक्त्या मला टेस्टपेक्षाही रंजक वाटल्या. एक युक्ती अशी की मधूनमधून ते नुसता आवाज करतं, ठिपका दाखवतच नाही. जो आवाजावर बटण दाबतो तो सापडतो. (मी सापडले.) आणखी नव्या पद्धतीत ते वेळ मोजतं. ठिपका डोळ्यात शिरून मेंदूपर्यंत पोचायला आणि तिथून अंगठ्यापर्यंत हुकूम यायला काही किमान वेळ लागतोच, त्याच्या आत कोणी दाबलं तर ते बघून दाबलेलं असूच शकत नाही. पण सगळ्यात धूर्त युक्ती आहे ती आंधळ्या ठिपक्याची. प्रत्येक निरोगी डोळ्यात एक जागा जन्मापासून आंधळी असते. डोळ्याची नस जिथून पडद्यात शिरते तिथे उजेड टिपणाऱ्या पेशी नसतात. फ्रान्समधल्या एद्म मारिओतने १६६० च्या दशकात हे शोधलं. नस शिरते त्या ठिकाणची नजर कशी असते एवढंच तो तपासायला गेला आणि तिथे नजरच नाही असं त्याच्या ध्यानात आलं. ही जागा नजरेच्या मध्यापासून साधारण १५ अंशांवर कानाच्या बाजूला असते आणि छोटी म्हणावी तर आकाशातले दहा-अकरा पूर्ण चंद्र एका ओळीत मावतील एवढी. यंत्र अधूनमधून बरोब्बर तिथे ठिपका टाकतं. तिथे जर तुम्ही "दिसला" म्हणालात तर एकतर तुमची नजर हलली आहे किंवा तुम्ही थापा मारताय. जे कुणालाच दिसत नाही ते दिसलं म्हणणारा खोटा. परीक्षेतला हा असा प्रश्न जिथे गप्प बसणं हेच बरोबर उत्तर आहे.

दोन्ही डोळ्यांत मिळून एवढी मोठी भोकं घेऊन आपण आयुष्यभर वावरतो आणि एकदाही अडखळत नाही. एका डोळ्याचं भोक दुसरा डोळा झाकतो हे खरं, पण एक डोळा मिटला तरी समोरच्या भिंतीत काळा खड्डा दिसत नाही. भिंत सलग दिसते. मेंदू आजूबाजूचा रंग उचलतो आणि तिथे भरून टाकतो, रफू करणाऱ्यासारखा, कुठे शिवलंय ते कळूही न देता.

बाबांच्या बाबतीत हे रफूकाम फार वर्षं चाललं असणार.

त्यांना काचबिंदू आहे, म्हणजे डोळ्याची नस हळूहळू सुकते आहे, हे कळायच्या आधीची काही वर्षं आमच्या घरात एका स्टुलावरून भांडणं होत. साधं लाकडी स्टूल, चार पायांचं, त्याची जागा वर्षानुवर्षं ठरलेली. बाबा चालता चालता त्याला धडकत, नडगी धरून उभे राहत आणि ओरडत, "कुणी आणून ठेवलं हे इथे?" कुणीच आणून ठेवलेलं नसे. आई म्हणे, लक्ष कुठे असतं तुमचं. मी म्हणे, बाबा, जरा बघून चालत जा. यावर ते खरोखर दुखावत. ते वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीची बारीक अक्षरं वाचत. आईला सुईत दोरा ओवून देत, तोही पहिल्या खेपेत. अशा माणसाला "बघून चाल" म्हणणं हा अपमानच, आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर ते बघूनच चालत होते. त्यांच्या जगात तिथे स्टूल नव्हतं. तिथे फरशी होती, सलग, स्वच्छ, मेंदूने बेमालूम भरून दिलेली. फील्ड टेस्टच्या कागदावर खालचा निम्मा भाग काळाकुट्ट आला तेव्हा तो कागद उजेडाकडे धरून बाबा म्हणाले, "पण मला तर सगळं दिसतंय." डॉक्टरांनी मान हलवली. हे वाक्य त्यांनी दिवसातून कितीदा ऐकलं असेल कोण जाणे.

त्या दिवसानंतर मी बाबांची नजर मनाशी चितारायला लागले. दवाखान्यातल्या भिंतीवर चित्र असतं ना, रस्त्यावरची मुलं मधोमध स्पष्ट आणि भोवताली सगळा काळोख, बोगद्यातून बघितल्यासारखं, तेच माझ्या डोक्यात बसलं होतं. कधी कधी मी दोन्ही हातांच्या मुठींची दुर्बीण करून घरातून चालून बघायची. फार वाईट वाटायचं. बाबा गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी लंडनच्या संशोधकांचं २०१३ साली छापून आलेलं एक काम वाचलं आणि त्या वाईट वाटण्याचीही गंमत झाली. त्यांनी काचबिंदूच्या ५० रुग्णांना एकाच दृश्याची वेगवेगळी बिघडवलेली चित्रं दाखवली आणि विचारलं, तुम्हाला कसं दिसतं ते यातून निवडा. बोगद्याचं चित्र एकानेही निवडलं नाही. काळ्या डागांचंही नाही. निम्म्याहून अधिक जणांनी काही भाग धूसर असलेलं चित्र निवडलं. काहींनी असं चित्र निवडलं ज्यात काही वस्तू नुसत्या गायब होत्या, त्यांच्या जागी रस्ता होता, झाडं होती, सगळं जागच्या जागी. आणि चौथ्या हिश्श्याला तर आपलं काही गेलंय हेच जाणवत नव्हतं. म्हणजे ज्या काळोखाबद्दल मी बाबांची कीव करत होते तो बाबांच्या डोळ्यांत नव्हताच. तो माझा होता. त्यांची खरी अडचण वेगळीच होती, त्यांना घरातली सगळी माणसं वस्तू इकडच्या तिकडे करणारी आणि वर नाकबूल करणारी वाटत होती, आणि त्या बाजूने मी एकदाही विचार केला नव्हता.

दुसऱ्याच्या डोळ्यात डोकावणं मुळातच कठीण. हे शब्दशः सांगते आहे. बाहुली काळी का दिसते, हा प्रश्न हजारो वर्षं कुणाला नीट सुटला नव्हता. बाहुलीमागचा पडदा काही काळा नसतो, उलट तो नारिंगी-तांबूस दिसतो. बाहुलीतून आत गेलेला उजेड ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत दिव्याकडे जातो. तो पकडायचा तर बघणाऱ्याने दिव्याच्या जागी डोळा न्यायला हवा, आणि तिथे डोकं नेलं की दिवाच झाकला जातो. बघणाराच स्वतःच्या आड येतो. १८५० च्या अखेरीस हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ नावाच्या २९ वर्षांच्या प्राध्यापकाला विद्यार्थ्यांना ही उजेडाची ये-जा समजावून सांगायची होती. त्याने चष्म्याची भिंगं, सूक्ष्मदर्शकाच्या पातळ काचा, पुठ्ठा आणि डिंक घेऊन एक खटपट केली. काच तिरकी धरली की दिव्याचा उजेड तिच्यावरून परतून समोरच्या डोळ्यात जातो आणि परत येणारा थोडा उजेड काचेतून आरपार बघणाऱ्याच्या डोळ्यात येतो. झालं. जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा, त्यावरच्या रक्तवाहिन्या, नसेचं तोंड, सगळं दिसायला लागलं. त्याने वडिलांना पत्रात हे कळवलं तेव्हा आनंद होताच, पण थोडी शरमही होती, यासाठी शाळेत शिकवतात त्यापलीकडचं प्रकाशशास्त्र लागलं नाही, मग इतके दिवस हे मला आणि इतरांना सुचलं कसं नाही, अशा अर्थाची. खरं तर एकाला सुचलं होतं. गणनयंत्रवाल्या चार्ल्स बॅबेजने १८४७ साली आरशाचा मागचा मुलामा दोन-तीन ठिकाणी खरवडून तसलंच एक उपकरण केलं आणि लंडनच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांना त्यात काही विशेष दिसलं नाही. ते बाजूला पडलं. या गोष्टीत मला हेल्महोल्ट्झपेक्षा ज्यांना ते दिसलं नाही ते डॉक्टरच जवळचे वाटतात.

आणि दिसायला लागलं म्हणजे कळायला लागलं असंही नाही. बर्लिनचा आल्ब्रेख्त फॉन ग्रेफ हा त्या काळातला डोळ्यांचा सगळ्यात मोठा जाणकार. काचबिंदूच्या रुग्णांच्या डोळ्यात त्याने नव्या उपकरणातून नसेचं तोंड पाहिलं आणि ते फुगून वर आलंय असं लिहिलं. प्रत्यक्षात ते उलट असतं, काचबिंदूत तिथे खळगा पडत जातो, डॉक्टर ज्याला कप म्हणतात. पण एका डोळ्याने, एका भोकातून बघताना खोली कळत नाही, आणि उंचवटा की खळगा हे मेंदू आपल्या मर्जीने ठरवतो. ग्रेफला आपली चूक लवकरच मान्य करावी लागली. म्हणजे रुग्णाच्या नजरेने रुग्णाला फसवलं ते फसवलंच, ते शोधायला वाकलेल्या डॉक्टरलाही त्याच्या नजरेने तसंच फसवलं.

माझा कप पॉइंट सिक्स आहे. नसेच्या तोंडाची रुंदी एक धरली तर त्यातला खळगा शून्य पूर्णांक सहा. डोळ्यातलं प्रेशर पंचवीस. त्यावरून माझ्या फाइलवर "ग्लॉकोमा सस्पेक्ट" असं लिहिलंय. काचबिंदूची संशयित. फाइल हातात घेऊन बाकावर बसले की खरंच चौकीत बसल्यासारखं वाटतं. एकवीसच्या वर प्रेशर म्हणजे रोग, अशी साधी रेघ पूर्वी मारलेली होती. ती रेघ मुळात बऱ्याच निरोगी डोळ्यांची प्रेशरं मोजून, सरासरीच्या फार पलीकडे कोण आहे ते बघून आखलेली. पण एकवीसच्या खूप खाली असलेल्यांचीही नस सुकते आणि वर असलेल्या कित्येकांना काही होत नाही. अमेरिकेत १,६३६ जणांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००२ साली आले. सगळे माझ्यासारखेच, प्रेशर जास्त पण नस शाबूत. निम्म्यांना ड्रॉप्स दिले, निम्म्यांना दिले नाहीत. पाच वर्षांत ड्रॉप्स न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला, घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्के लोकांना. धोका निम्म्याहून कमी झाला, हे वाचून माणूस सरळ ड्रॉप्स घालायला लागेल. मी तोच आकडा उलटा वाचला. शंभरातल्या नव्वद जणांना काहीही न करता पाच वर्षं काही झालं नाही. बाबा गेल्यावर त्यांचं कपाट आवरताना सील न फोडलेल्या ड्रॉप्सच्या पाच बाटल्या निघाल्या होत्या. तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता, गेलेल्या माणसाचा येतो तसा, कुठेच न पोचणारा. आता कळतं की त्या ड्रॉप्सचं एकच काय ते जाणवतं, घातल्यावर होणारी आग आणि दिवसभर लाल राहणारे डोळे. जे वाचलं ते कधीच दिसत नाही. नजर सुधारत नाही, फक्त ती आणखी किती गेली असती हे कळायला काही मार्ग नसतो.

दुसऱ्या खेपेला आधी ओसीटी झाली. त्यात दाबायबिबायचं काही नसतं. एका हिरव्या फुलीकडे बघायचं, एक लाल रेघ सरकत जाते, संपलं. १९९१ साली जगासमोर आलेलं हे तंत्र म्हणजे उजेडाने घेतलेली सोनोग्राफी. आवाजाचा पडसाद किती वेळाने आला ते मोजता येतं, उजेडाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर, त्याचा पडसाद मोजेल असं घड्याळ कुठून आणणार? म्हणून एक किरण डोळ्यात सोडतात, त्याचाच जुळा भाऊ एका आरशाकडे पाठवतात, आणि दोघे परत येऊन एकमेकांत कसे मिसळतात त्यावरून कोण किती खोल जाऊन आला ते काढतात. पडद्याचा उभा काप घेतल्यासारखं चित्र उमटतं, थरावर थर, खडकात दिसतात तसे, आणि जाडी मायक्रॉनमध्ये. मिलिमीटरचा हजारावा भाग. माझा एक थर एका ठिकाणी पिवळ्या रंगात आला होता. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे वाईट, पिवळा म्हणजे बघू. "रंगावर जाऊ नका," डॉक्टर म्हणाले. "मायनस नंबरवाल्यांना उगीचच पिवळं-लाल येतं." मी रंगावरच गेले होते.

या मोजमापामागे एक काम आहे जे वाचून मी बराच वेळ तशीच बसले होते. फील्ड टेस्ट बिघडायच्या आधी नसेचं किती नुकसान झालेलं असतं, हे शोधायचं कसं? अमेरिकेतल्या हॅरी क्विग्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचे डोळे मिळवले ज्यांच्या हयातीतल्या फील्ड टेस्टचे रिपोर्ट होते आणि ज्यांचे डोळे मृत्यूनंतर दान झाले होते. मग पडद्यातल्या त्या पेशी, ज्यांचे धागे एकत्र येऊन नस बनते, त्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. एका निरोगी डोळ्यात त्या दहा लाखांच्या घरात असतात. २००० साली त्यांनी जे मांडलं ते असं की टेस्टच्या कागदावर बिघाड उमटेपर्यंत २५ ते ३५ टक्के पेशी गेलेल्या असतात. हा आकडा पुढे सगळीकडे सांगितला जातो, डॉक्टरांनी मलाही सांगितला. मला त्यातली माणसं दिसतात. कधीतरी ती माझ्यासारखीच अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवून बसली असतील, चुरचुरत्या डोळ्याने ठिपके शोधत असतील. कुणीतरी नक्कीच न दिसता दाबलं असेल. आणि वर्षांनी कुणीतरी त्यांच्या उत्तरांशी त्यांच्या पेशी ताडून पाहिल्या.

आता तर यंत्रं आपण न विचारलेलंही सांगायला लागली आहेत. २०१८ साली गूगलच्या संशोधकांनी २,८४,३३५ रुग्णांच्या पडद्यांच्या फोटोंवर संगणकाला शिकवलं. नुसत्या फोटोवरून तो माणसाचं वय सरासरी तीन-सव्वातीन वर्षांच्या फरकाने ओळखायला लागला, आणि हा पडदा बाईचा की पुरुषाचा हेही बहुतेक वेळा बरोबर सांगायला लागला. आयुष्यभर पडदेच बघणाऱ्या डॉक्टरांना फोटो बघून बाई की पुरुष ते ओळखता येत नाही. संगणकाला नेमकं काय दिसतं, ते त्याला सांगता येत नाही. हे मी डॉक्टरांना मोठ्या उत्साहाने सांगितलं तर ते म्हणाले, "बाई आहात का पुरुष ते मला दिसतंय हो. नस का मरते ते सांगितलं त्याने तर हवंय." प्रेशर कमी करणं सोडलं तर आजही काचबिंदूवर खात्रीचा दुसरा उपाय नाही. गेलेल्या पेशी परत येत नाहीत.

फील्ड टेस्टच्या खोलीकडे जाता जाता मी त्या मुलीला मागच्या वेळचं कबूल करून टाकलं. ठिपका दिसत नव्हता तरी दाबलं, म्हटलं, भीती वाटली. ती पट्टी बांधत होती. म्हणाली, "ताई, निम्मे तर कुणालाच दिसत नाहीत. डोळा चांगला असला तरी नाहीत. तुम्हाला दिसला की ते आणखी पुसट करतं, नाही दिसला की जरा वाढवतं. तुमची हद्द शोधत असतं ते." मला हे माहीत नव्हतं. एवढी पानं वाचली होती, आंधळा ठिपका, मारिओत, सगळं, आणि हे साधं नियमावलीतलं वाक्य माझ्या हाती लागलं नव्हतं. ज्या पोकळीला मी घाबरले होते ती सगळ्यांनाच लागते. बाबांनाही ती लागली असणार, आणि त्यांनी काय केलं असेल, दाबलं असेल की नाही, ते आता विचारायला कुणी नाही. माझा अंदाज, दाबलं नसेल. दिसत नाही ते दिसतं म्हणणाऱ्यातले ते नव्हते. दिसतं तेवढंच जग आहे असं मानणाऱ्यातले होते.

दिवा गेला. हनुवटी टेकवली. पहिले काही ठिपके ठळक आले, वर, डावीकडे, पुन्हा वर. मग पुसट. मग त्याहून पुसट, पापणीवर धूळ पडावी तसे. मग काहीच नाही. मधला दिवा हळूहळू विरघळला, मी एकदा डोळा मिटून उघडला, तो परत जागेवर आला. आतून घर्र झालं. खालच्या बाजूला, स्टूल असायचं त्या उंचीवर, मी खूप लक्ष देऊन बघत राहिले, नजर न हलवता. तिथे पांढरं होतं. सलग पांढरं. अंगठा बटणावर होता.

पुन्हा घर्र झालं. मी तो तसाच ठेवला.